तळ्यातलं मतदान

बुटांचं खोकं बघितलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो तर ते दाराशी, बाबांच्या चाकांच्या खुर्चीला टेकवून ठेवलेलं, नवं कोरं. आत डोंगर चढायचे बूट, जाड तळव्याचे, पिवळ्या नाड्यांचे, आणि नंबर बरोब्बर माझा. माझ्या पायाचा नंबर या घरात कुणाला ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लहानपणी मी दादाचे उतरलेले बूट पुढे कागदाचे बोळे कोंबून घातले, आणि मोठेपणी समोर येईल त्या जोडात पाय बसवला. "वहिनीनं आणलेत," ताई आतून म्हणाली. "घालून बघ. रविवारी आपण सगळे तळ्यावर जातोय, त्या ज्वालामुखीच्या. होड्या आहेत, डोंगर आहे, काय काय आहे. तुलाही जरा बदल हवा." एक बूट पायात, दुसरा हातात, असा मी बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसलो. आनंद झाला नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्याची माणसं अचानक मापाचे बूट आणून देतात, तेव्हा ती त्याच्याकडून काय काढून घेणार आहेत याचा विचार त्यानं आधी करावा. मी केला. उत्तर शोधावं लागलं नाही. ते आठवडाभर घरात फिरतच होतं, फक्त त्याला कुणी बस म्हणत नव्हतं.

मी चष्म्याच्या काचा घासतो. चौदाव्या वर्षापासून त्याच दुकानात, मागच्या खोलीत, खिडकी नसलेल्या. समोरचा दिवा, फिरणारी चकती, राखाडी चिखलासारखी पूड, आणि बोटांच्या टोकांना आता काहीच जाणवत नाही इतकी ती गुळगुळीत. लोकांना लांबचं दिसावं म्हणून मी जन्मभर हातभर अंतरावर बघत बसलो. दादानं मला भिंग्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. तर त्या आठवड्यात मी बाबांना अंघोळ घालत होतो आणि बाहेर माझा फोन वाजला. ताई नेमकी आलेली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहते, 'बाबांना बघायला' येते आणि खरोखर फक्त बघते. तिनं फोन घेतला. मग न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली, ओल्या फरशीवर पाय पडू नये म्हणून साडीचा काठ वर धरून. "कुणी बाई होत्या. दुर्बिणींच्या कारखान्यातल्या. काचांच्या विभागाला मुख्य माणूस हवाय म्हणाल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत होय-नाही कळवा, नाहीतर दुसरा बघते." मी बाबांच्या पाठीवर तांब्या ओतत राहिलो. पाणी त्यांच्या लकव्यानं गेलेल्या उजव्या खांद्यावरून भिंतीवरून ओघळावं तसं ओघळत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. तो कारखाना दुसऱ्या शहरात आहे, आणि तिथून रोज घरी येता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. आणि मग बूट आले.

दुर्बिणी. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून अर्ज टाकल्याचंही सांगितलं नव्हतं. रात्रंदिवस बाबांचा डावा हात बघत राहायचं हे माझं दुसरं काम. त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, डावा हात तेवढा राहिला, आणि त्या हाताची भाषा फक्त मला येते. मूठ वर आली तर लघवी. बोटं पसरलेली असली तर पाणी. ताईनं एकदा मुठीला पाण्याचा पेला दिला होता आणि मग गादी मी धुतली. दादानं तर कधी हाताकडे बघितलंच नाही. तो आला की बाबांशी मोठ्यांदा बोलतो, बहिरं असल्यासारखं, आणि घड्याळाकडे बघत उठतो. त्याच्या घरात एक जादा खोली आहे. तिच्यात त्यानं व्यायामाची सायकल ठेवली आहे. सायकल मजेत आहे.

आमच्या घरात सगळं हात वर करून ठरतं. ही बाबांची देणगी. टायरच्या कारखान्यात ते युनियनचे सरचिटणीस होते, फाटकावर स्टुलावर उभे राहून ते घसा खाकरायचे आणि शेकडो हात वर जायचे, आणि तीच सवय त्यांनी घरी आणली. भिंतीला कुठला रंग, मांजर ठेवायचं की हाकलायचं, आई होती तेव्हा तिनं नोकरी धरायची की नाही, सगळ्याला मतदान. मांजर एका मतानं वाचलं होतं आणि महिनाभर आम्ही त्याला आमदार म्हणत होतो. हात खाली ठेवून मान तिरकी करून बसणाऱ्या माणसाची बाबांना जास्त चीड. "तटस्थ म्हणजे मालकाचा माणूस," ते म्हणायचे. "विरोध कर, मी तुला चहा पाजीन. तटस्थ राहिलास तर दाराबाहेर." त्यांचा मोठा संप चालू असताना, घर रिकामं होत चाललेलं असताना, एका संध्याकाळी त्यांनी तसाच घसा खाकरला. विषय माझा होता. दादाचं इंजिनिअरिंगचं बघायला हवं होतं, ताईची परीक्षा होती, तेव्हा धाकट्यानं शाळा सोडून चष्म्याच्या दुकानात जावं. बाबांचा हात वर गेला. दादाचा गेला. ताईचा जरा उशिरा गेला. आईनं पदराशी चाळा करत हात अर्धाच उचलला, पण तो धरला गेला. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, मीही माझा हात वर केला. मला आजही कळत नाही का. सगळे वर हात करून बसलेले होते, खोली हातांनी भरली होती, आणि त्या हातांत माझा नसेल तर मी एकटा पडेन असं मला वाटलं असणार. "एकमतानं मंजूर," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फुटला की त्यांनी तो खोकल्यात लपवला. ताईनं त्या वर्षीची आपली सगळी पुस्तकं माझ्या उशाशी आणून ठेवली. पुढेही दर वर्षी ठेवत राहिली. मला जे काही लिहिता-वाचता येतं ते त्या पुस्तकांमुळे, आणि हे मी तिच्यावर रागावतानाही विसरू शकत नाही. त्यामुळे धड रागही येत नाही.

रविवारी दादाची गाडी आली. मागच्या सीटवर बाबा, त्यांच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला ताई. माझ्या पायाशी पिशवीत बाबांची लघवीची बाटली, टॉवेल, जादा कपडे. बदल हवा म्हणून नेत होते मला, आणि माझं सगळं काम बरोबर घेतलं होतं. शहर संपल्यावर जमीन काळी होत गेली. झाडं खुजी झाली. वहिनी पुढच्या सीटवरून पाणी, बिस्किटं, टोप्या मागे पुरवत होती आणि दर वळणावर मोबाइलमधून वाचून दाखवत होती की हा डोंगर कधीकाळी कसा फुटला आणि आतून रिकामा होऊन कसा खाली बसला, आणि त्या खड्ड्यात कसं पाणी साठलं. "आता तो झोपलाय," ती म्हणाली. "शास्त्रज्ञ म्हणतात झोपलाय." दादा म्हणाला, "भिंग्यासारखा. दुकानातून आला की झोपतो." सगळे हसले. बाबांच्या तोंडाचा डावा कोपराही हलला. मी हसलो. हसलो याचा मला इतका संताप आला की पुढचा घाट मी खिडकीबाहेर बघत दात आवळून काढला.

कड्यावर पोचलो आणि खाली बघितलं. तिथले लोक त्या तळ्याला कढई म्हणतात, आणि ती कढईच होती. सगळ्या बाजूंनी उभे काळे कडे, वर आभाळाची गोल झाकणी, आणि तळाला शाईसारखं पाणी. त्यात येणारी नदी नाही आणि जाणारी नदी नाही. पाऊस पडेल तेवढं घेतं, ऊन पडेल तेवढं सोडतं. रस्ता गोल गोल फिरत आत उतरत होता आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की आता परतीचं वळण गेलं. माझ्या फोनवरच्या रेषा एक एक करून गेल्या. खाली उतरलो तेव्हा एकही राहिली नव्हती. तिकीट फाडणाऱ्या बाईला मी विचारलं. ती म्हणाली, "इथे कुणाचाच लागत नाही. वर कड्यावर जावं लागतं." मी दादाकडे बघितलं. तो बाबांची खुर्ची उघडत होता आणि त्या खुर्चीचा खटका कुठे असतो ते त्याला सापडत नव्हतं. रविवार त्यानं ठरवला होता. जागाही त्यानंच.

काठावरची वाळू काळी आणि गरम. एका बाजूला दगडांतून वाफ येत होती आणि काडी ओढल्यासारखा वास होता, आणि तिथे माणसं रांग लावून वाफेत चेहरा घालून फोटो काढत होती. दोन कड्यांच्या मध्ये तार बांधली होती, तिच्यावरून लोक लोंबकळत, किंचाळत जात होते आणि पलीकडे पोचल्यावर टाळ्या वाजवत होते. सुटका झाल्याचा आनंद विकत घेता यावा म्हणून माणसं स्वतःला बांधून घेत होती. मला कुणाची चेष्टा करायची नाही, मीही नवे बूट घालूनच उभा होतो. बाबांची खुर्ची आम्ही धक्क्यावर छपराखाली ठेवली, आणि तिकीटवाली बाई लक्ष ठेवीन म्हणाली. मी बाबांच्या अंगावर चादर नीट केली. "जाऊन येतो." त्यांनी डाव्या हातानं मला हलकेच ढकललं. जा. ते ढकलणं मला पुढे कितीतरी वेळ छातीवर जाणवत राहिलं.

होड्या प्लास्टिकच्या, लांबट, दोन माणसांच्या, त्यांना कयाक म्हणतात. होड्यांचा मुख्य माणूस पांढऱ्या मिशांचा होता, गळ्यात शिट्टी. त्यानं आम्हाला जाकिटं आवळली आणि म्हणाला, "आत गेल्यावर ओरडायचं नाही. कढईत आवाज फिरतो, कुठून आला कळत नाही. अडचण आली की एक हात सरळ वर. मी आलोच समजा." दादानं मान हलवली. तो असल्या सूचना ऐकताना नेहमी मान हलवतो आणि कधीच ऐकत नाही. एका होडीत दादा-वहिनी, दुसरीत पुढे ताई, मागे मी. ताईला वल्हं धरता येईना, म्हणून वल्हवत मीच होतो. माझ्यासमोर तिची पाठ, जाकिटाचे नारिंगी पट्टे, आणि मानेवर अंबाड्यातून सुटलेले पिकलेले केस. पाणी थंड होतं, मग अचानक एका पट्ट्यात कोमट, आणि त्यात खालून बुडबुडे येत होते, सावकाश, कुणीतरी तळाशी बसून श्वास सोडत असल्यासारखे. "इथे खोली किती असेल रे?" ताईनं विचारलं. "तळ लागलेला नाही म्हणतात," मी म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं. तिला जरा भीती वाटावी असं मला वाटलं.

अगदी मध्यावर आल्यावर दादानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग त्यानं घसा खाकरला. बाबांचं खाकरणं, हुबेहूब. काठ सगळीकडून सारखाच लांब होता.

"सगळे निवांत आहोत तर एक विषय घेऊन टाकू," दादा म्हणाला.

"बाबा नाहीत," मी म्हणालो.

"बाबांचं मत माझ्याकडे आहे."

"कुणी दिलं?"

"भिंग्या, उगाच वाकड्यात शिरू नकोस. तुझ्या नोकरीचं बोलायचंय."

"माझ्या नोकरीचं माझ्याशिवाय सगळे बोललेत वाटतं."

"भाऊजी, आम्ही काय तुमचे दुश्मन आहोत का?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज खरंच दुखावलेला होता. "बाबांना तुमच्याच हाताची सवय आहे. आमच्या हातानं ते जेवतसुद्धा नाहीत."

"तुम्ही भरवलंय कधी?"

"म्हणजे काय? ते सूप नाही का... तुम्ही आजारी होतात तेव्हा."

"ते सूप शेजारच्या मांजरानं प्यायलं."

ताईच्या पाठीला हसू आल्यासारखं झालं आणि लगेच थांबलं. दादा म्हणाला, "हे बघ. नोकऱ्या येतात जातात. बाबा किती दिवसांचे? त्यानंतर तू मोकळाच आहेस." मोकळाच आहेस. म्हणजे बापाच्या मरणाची वाट बघण्याचं काम तेवढं माझ्याकडे. दादाला आपण काय बोललो ते कळलंही नाही. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. "तर भिंग्यानं इथेच राहावं या बाजूनं हात वर करा," तो म्हणाला आणि त्यानं आपला हात वर केला. वहिनीनं केला. मी ताईच्या पाठीकडे बघत होतो. पाणी होडीला थपथप लागत होतं. आणि मग, मागे न बघता, तिनं हात वर केला, पूर्ण सरळ, बांगडी कोपरापर्यंत घसरली. मी तिचा हात मागून बघितला. हाच हात दर वर्षी माझ्या उशाशी पुस्तकं ठेवायचा. माझे दोन्ही हात वल्ह्यावर होते आणि एकदा, शपथेवर सांगतो, उजवा हात आपणहून उचलला जायला लागला, जुन्या सवयीनं, कुत्र्यानं शीळ ऐकून कान उभे करावेत तसा. मी वल्हं गच्च धरलं.

"तीन. आणि बाबांचं धरून चार," दादा म्हणाला. "विरोधात एक. मंजूर."

तेवढ्यात शिट्टी वाजली. कढईत ती सगळ्या कड्यांवरून फिरली, आणि पाठोपाठ मोटारबोटीची घरघर. लाटांनी दोन्ही होड्या हिंदकळल्या, वहिनीनं किंकाळी फोडली. शिट्टीवाला उभा राहूनच ओरडत आला, "कोण बुडतंय? कोण?"

"कुणी नाही, कुणी नाही!" दादा लाल झाला. "आमचं घरगुती चाललंय."

"घरगुती? तळ्याच्या मधोमध?"

"मतदान होतं," वहिनी म्हणाली, आणि एवढं बोलून तिला स्वतःलाच कसंतरी झालं.

शिट्टीवाल्यानं आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. "मला तीन हात दिसले. तिघांनाही काही नाही?"

तिघांनाही काही नव्हतं. तो बोट वळवायला लागला. बोटीचं नाक फिरलं, मागचं पांढरं पाणी दिसलं, आणि मी हात वर केला. "मला," मी म्हणालो. "मला बाहेर काढा."

"अरे, तमाशा करू नकोस," दादा म्हणाला. ताई पहिल्यांदा मागे वळली. तिचे डोळे लाल होते. "मला एकटीला वल्हवता येत नाही," ती म्हणाली. शिट्टीवाल्यानं काही न विचारता मला काखेत धरून आत ओढलं. ताईची होडी हलकी झाली आणि हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागली. तिचा चेहरा, मग पाठ, मग चेहरा.

"कुठे सोडू?" त्यानं विचारलं. "पलीकडे बरी पायवाट आहे, सरळ कड्यावर जाते. की गाडीकडे, धक्क्यावर?"

पलीकडे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. कड्याची सावली पाण्यावर उतरायला लागली होती, खाली तिथे संध्याकाळ लवकर येते. आणि मी धक्क्याकडे बघितलं. बघायला नको होतं. पण सवय डोळ्यांत असते. छपराखाली खुर्ची, खुर्चीत चादर, चादरीतून वर आलेला हात. मूठ. तिकीटवाली बाई पाठ करून कुणाची तरी तिकिटं फाडत होती. "गाडीकडे," मी म्हणालो.

मी पळतच गेलो. चादरीचा आडोसा केला, बाटली धरली. बाबा डोळे मिटून बसले. बाटली हातात गरम होत गेली. हे मी इतक्या वेळा केलंय की त्या उबेवरून मला त्यांचा ताप कळतो. ताप नव्हता. झाल्यावर त्यांनी जड जिभेनं विचारलं, "काय... ठरलं?"

"तुम्हाला माहीत होतं तर."

त्यांनी मान डोलावली.

"तीन विरुद्ध एक. तुमचं धरून चार. दादा म्हणाला तुमचं मत त्याच्याकडे आहे."

बाबांचा चेहरा तापला. डावीकडचा तेवढाच. "हात... ज्याचा... त्यानंच वर करायचा," ते म्हणाले. तोंडातून लाळ आली, मी पुसली. फाटकावरचा तो माणूस क्षणभर त्या खुर्चीत आला होता. मी खाली बसलो, त्यांच्या गुडघ्याशी, म्हणजे आमचे डोळे समोरासमोर आले. "मग तुम्ही करा," मी म्हणालो. "मी जावं या बाजूनं, किंवा राहावं या बाजूनं. कुठल्याही. पण तुम्ही करा." माझ्या मनात नुसता राग होता असं नाही. मी पुन्हा चौदा वर्षांचा होतो आणि खोली हातांनी भरली होती. बाबांनी डावा हात मांडीवरून उचलला. हात गुडघ्यापर्यंत आला, तिथे थांबला, आणि परत मांडीवर ठेवला गेला. ते पाण्याकडे बघायला लागले. मग एक एक अक्षर वेगळं करून म्हणाले, "त-ट-स्थ."

कुणी माझ्या कानशिलात मारली असती तर इतकं लागलं नसतं. मालकाचा माणूस. मी हसलो वाटतं. त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले नाहीत, पण डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही डोळ्यांतून, गेलेल्या बाजूच्याही. जा म्हणाले असते तर उद्यापासून त्यांची मूठ कुणी वाचली नसती. राहा म्हणाले असते तर त्या संध्याकाळसारखं पुन्हा झालं असतं. मला हे कळत होतं. कळल्यानं काही सुटत नाही.

होड्या काठाला लागल्या. दादा गुडघ्यापर्यंत भिजलेला, ताईची होडी दोरीनं ओढत आला. "सगळ्या जगासमोर शोभा केलीस," तो म्हणाला. "काय मिळवलंस?" मी उठलो. हातात बाटली तशीच होती, झाकण न लावलेली. मी ती त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं सवयीनं घेतली, कुणी काही दिलं की माणूस घेतो तशी, आणि मग काय घेतलं ते त्याला कळलं. "अरे... हे... याचं काय करायचं?" दादा ओरडला. शेकडो यंत्रं चालवणारा इंजिनिअर माणूस. मी वाळू तुडवत चालायला लागलो होतो. ताईनं हाक मारली नाही. ती होडीतून न उतरता तशीच बसून होती.

या बाजूनं कड्यावर जायची पायवाट नव्हती, गाडीरस्ता लांबून फिरून जाणारा, म्हणून मी समोरचा राखेचा चढ धरला. एक पाऊल वर टाकलं की दोन खाली घसरायचं. पण बूट चांगले होते. वहिनीनं खरंच चांगले घेतले होते. टाचेला चावत होते, तरी धरून होते. हातांना काळे, छिद्रांचे, हलके दगड लागत होते, धरले की निसटणारे. मी वर बघत होतो, मागे बघत नव्हतो, आणि तरी कढईत आवाज फिरतो तसा दादाचा आवाज माझ्या चारी बाजूंनी येत होता, काय करायचं, काय करायचं, जणू तो वरही उभा आहे. घशात ती जळकी चव. कड्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. फोन काढला. एक रेष, मग दोन. कारखान्याचा नंबर लावला.

"हॅलो? कोण?"

"काचवाला बोलतोय."

"मी वाट बघत होते," त्या बाई म्हणाल्या. "काय ठरलं?"

तेच शब्द. मी कड्याच्या टोकाशी उभा होतो. "येतो," मी म्हणालो. "बुधवारी हजर होतो." आवाज माझा वाटला नाही. त्या काहीतरी बोलल्या, राहण्याच्या जागेबद्दल, मी हो हो म्हणत गेलो आणि फोन बंद झाला. छाती मोकळी होईल अशी मी वाट बघत राहिलो. ती झाली नाही. वारा आला. आणि मग मी खाली बघितलं, बघणारच होतो. तळं सावलीत गेलं होतं. धक्का काडीएवढा. त्यावर खुर्ची, खुर्चीशेजारी दादा, अजून बाटलीचा हात अंगापासून लांब धरून उभा. आणि खुर्चीतून हात वर आलेला. उभा. खाली येत नव्हता. दादा त्या हाताकडे बघत होता, वाकून, मान तिरकी करून, आणि त्याला काही कळत नव्हतं. मी डोळे बारीक केले. जन्मभर लोकांच्या नजरा दुरुस्त केल्या, पण त्या हाताची मूठ होती, की बोटं पसरली होती, की ते शेवटी दिलेलं मत होतं, हे एवढ्या उंचीवरून दिसत नव्हतं. दिसलं असतं तर मी उतरलो असतो.